वीतभर खाली

दुपारचा डबा खाऊन सरोजिनी सिस्टर खुर्चीत जरा टेकतात, तोच पापण्या जड होतात. शनिवारी त्या निवृत्त होणार. चौतीस वर्षांत त्यांनी घेतलेल्या रक्तदाबाच्या मापावर कुणी बोट ठेवलेलं नाही, आणि हे त्या कुणी न विचारताही सांगतात. पण सकाळच्या शिबिरात टेबल आलंच नाही. बायका हात खाली सोडून बाकावर बसल्या आणि सिस्टरांनी घाईघाईत तशीच मापं घेतली. अकरा जणींचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उद्या सकाळपासून सुरू करायच्या. काहीतरी चुकलंय, हे जेवताना घासागणिक टोचत होतं. पण निवृत्तीच्या तोंडावर कबूल कोण करणार?

दारात आबा उभे आहेत. सरोजिनीचे वडील, नगरपालिकेत पाणी सोडायचे, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी आहे.

"चल सरू, टाकीवर जाऊ."

दवाखान्याची पायरी ती उतरते आणि उतरता उतरताच दोघं टाकीची शिडी चढत असतात. खाली सगळं गाव दिसतंय, वरची आळी, खालची आळी. गल्ल्या लालसर आहेत, कोमट आहेत. सरोजिनी बघते तर तिचे स्वतःचेच पाय लांबच लांब होऊन खालच्या आळीत टेकलेत. आबा वाकतात आणि नळाला लावायचे तसा तिच्या घोट्याला कान लावतात.

"हितं जोर लई. वरचं समदं पाणी हेच्या डोक्यावर उभं हाय."

मग तीच त्यांना समजावू लागते. रक्ताचंही तसंच असतं आबा, हृदयाच्या वीतभर खाली मोजलं की आकडा पंधरा-सोळानं फुगतो, वीतभर वर मोजलं की तेवढाच उतरतो, म्हणून माप घेताना हात छातीच्या पातळीला हवा. आबा मान डोलवत ऐकतात. चौथी शिकलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर लेकीचं कौतुक मावत नाही.

"मग आज हात कुठं हुते?"

सरोजिनी पुढची पायरी चढू लागते.

शिडी संपते ती वरच्या आळीतल्या कोरड्या नळापाशी. आबा ओट्यावर बसून सांगतात. एका उन्हाळ्यात त्यांनी खालच्या आळीतल्या नळाला दाब मोजायचा मीटर लावला आणि पाण्याला जोर भरपूर आहे असं ऑफिसात ठोकून दिलं. मग जोर कुणी वाढवलाच नाही, वर पाणी चढलं नाही आणि वरची आळी आठ दिवस तहानलेली राहिली. कळलं तेव्हा ते एकटेच निघाले आणि बावीस दारांत जाऊन चूक माझी म्हणून सांगून आले. आबांचा रुबाब तिने जन्मभर पाहिला होता, हे मात्र कधी ऐकलं नव्हतं.

"लाज नाही वाटली?"

"पयल्या दाराला वाटली." आबा छाती पुढे काढतात. "पर त्याच बायांनी पुढं माज्याबिगर कुणाला व्हॉल्व्हला हात लावू दिला न्हाई."

ते तिचा लोंबता हात उचलतात, खाली काहीतरी मऊ सारतात. "हां. आता बराबर."

जाग येते तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं आहेत. सिस्टरांचा डावा हात टेबलावर, घडी घातलेल्या तीन चादरींवर ठेवलेला आहे, बरोबर छातीच्या पातळीला. चादरी कपाटात होत्या. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्याच कमरेला.

त्या कमरेची किल्ली चाचपून बघतात. डोळे भरून येतात, पण मान ताठ होते. आपण त्या माणसाची लेक आहोत याचा इतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता. मग त्या आधी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगतात आणि परत येऊन यादीतलं पहिलं नाव काढून फोन लावतात.

"मी सरोजिनी सिस्टर बोलतेय. गोळी सुरू करू नका, उद्या सकाळी परत या. आजचं माप मी चुकीचं घेतलं."

आणि हे सांगताना त्यांचा आवाज जराही खाली येत नाही.