मल्लिनाथचे चाळीस वेढे

औशात कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली की तो माणूस आधी नशिबाला शिव्या देतो आणि मग मल्लिनाथकडे येतो. बसस्टँडच्या मागं त्याचं वाइंडिंगचं दुकान आहे, त्याला लागून माझं बॅटरीचं. सत्तावीस वर्षं आमच्यात एकच भिंत. माणूस भांडखोर, हट्टी, आणि चहा कायम माझ्या नावावर पिणारा. पण दुकानावर त्यानं स्वतः रंगवलंय, 'शुद्ध तांबे. बारीक तार वापरत नाही.' आणि ते खरं आहे. आमच्या भागात काही कारागीर मोटारीतली जाड तार काढून बारीक भरतात आणि वाचलेलं तांबं खिशात घालतात. मल्लिनाथनं जन्मात तसं केलं नाही. जागा उरली तर उलट एक गेज जाडच घालायचा.

त्याच्या धंद्याची रीत सोपी. जळालेली कॉइल उलगडायची, वेढे मोजायचे, तेवढेच नवे भरायचे. किती वेढे आणि का, हे कधीचंच कुणीतरी ठरवून ठेवलेलं. मल्लिनाथनं फक्त मोजायचं.

त्याची बायको शिवकांता वीस वर्षं दुकानात त्याच्याबरोबर बसली. मोटारीत इन्सुलेशनचा कागद भरायची, जळक्या वार्निशचा धूर गिळायची. तिची फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणाले, गावातून हलवा, मोकळ्या हवेत ठेवा, आणि झोपताना नाकावर मास्क लावायचं यंत्र दिलं. मल्लिनाथनं माळावरच्या शेतात दोन खोल्या बांधल्या. तिथं हवा भरपूर, पण लाईटचा भरवसा नाही. शेताच्या लाईनला आठ तास करंट, आणि पावसात तार तुटली की चार चार दिवस अंधार. यंत्र बॅटरीवर चाले, ती बॅटरी माझ्याच दुकानातली. छपरावर सोलारची पाटी होती, पण आषाढात आठवडाभर ऊन दिसत नाही तेव्हा ती पाटी काय करणार?

"ऊन न्हाई, पन वारं तर हाय," मल्लिनाथ म्हणाला. ज्येष्ठातच तो पवनचक्की करायला बसला. नांदेडला दिलेली लेक, सृष्टी, आईला तिकडं न्यायचं म्हणत होती. मल्लिनाथला ते नको होतं. जावयाच्या घरी तो स्वतः राहणार नव्हता, आणि तिच्यावाचून त्याला राहता येणार नव्हतं. हे त्यानं मला सरळ सांगितलं, आणि मग लाजून शेजारच्या पोऱ्यावर ओरडला.

भंगारातल्या जीपच्या चाकाचा हब, बोअरच्या पाइपाची पाती, पार्सलनं आलेली चुंबकं, सगळं जमलं. राहिल्या नऊ कॉइली. इथं गाडी अडली, कारण मोजायला जुनी कॉइलच नव्हती. मल्लिनाथनं अंदाजानंच चाळीस वेढे धरले. सृष्टी पॉलिटेक्निक शिकलेली. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, तार बारीक घ्या आन् वेढे वाढवा. चाळीसचे नव्वद करा."

"बारीक तार? माझ्या हातानं? तुझ्या आईच्या मशीनला?" मल्लिनाथनं फोनच ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाला, "चोरी शिकवून राहिली मला." मी हसलो आणि मान डोलावली. मला बॅटऱ्या विकता येतात, म्हणून वाटलं होतं की मला विजेतलं कळतं.

त्यानं जाडजूड तारेचे चाळीस चाळीस वेढे घातले. काम इतकं देखणं की बघत राहावं. मग त्या नऊ कॉइली ताटलीत मांडून वरून रेझिन ओतलं. रेझिन एकदा वाळलं की दगड, आतलं काही बदलता येत नाही.

आषाढात चक्की चढवली. पाती छान फिरली. शिवकांता ओसरीत बसून कौतुकानं बघत होती. मी मीटर लावला तर काटा सहावर. बॅटरी बारा व्होल्टची. टाकी बारा फुटांवर आणि पाणी सहाच फूट चढतंय, मग पाइप कितीही जाड असो, टाकीत थेंब पडत नाही. तार म्हणजे पाइप, आणि उंची वाढते ती वेढ्यांनी. हे त्याला मोटारीच्या भाषेत मीच सांगितलं, पण महिनाभर उशिरा. वाऱ्याचा झोत आला की काटा घटकाभर बाराला शिवायचा, आणि मल्लिनाथ म्हणायचा, "बघ, चढून राहिलंय!"

श्रावणात तार तुटली ती चार दिवस. तिसऱ्या रात्री बॅटरी संपली आणि शिवकांता सकाळपर्यंत खाटेवर उठून बसली, झोपली की श्वास कोंडायचा म्हणून. चौथ्या दिवशी सृष्टी गाडी घेऊन आली. मल्लिनाथनं बायकोची पिशवी स्वतः गाडीत ठेवली. "पंधरा दिवसांत न्यायला येतो," म्हणाला.

पुढं महिनाभर त्यानं गिऱ्हाइकाची मोटार हातात घेतली नाही. छिन्नीनं रेझिन फोडलं, स्वतःचं देखणं काम स्वतःच उकरून काढलं. लातुरातून बारीक तार आणली आणि नव्वद वेढे भरले. ती तार गुंडाळताना त्याच्या चेहऱ्याकडं मला बघवत नव्हतं.

भाद्रपदात काटा साडेतेराला गेला. बॅटरी संध्याकाळपर्यंत भरली. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला. आनंदानं आवाज चिरकत होता.

"शिवकांता, झालं! नव्वद वेढे. उद्या येऊ का न्यायला?"

फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "अवो, हितं लाईट जात न्हाई. मला लई झोप लागते हितं. लई वर्सांनी लागून राहिली. आता नगा नेऊ."

"हाव," मल्लिनाथ म्हणाला. "हाव. झोप तू."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तो मात्र उठून वायरी तपासायला लागला.

भरलेली बॅटरी वापरली नाही तर चक्की तिला उकळवते, ॲसिड वर येतं. करंट कुठंतरी खर्चावाच लागतो. मागच्या आठवड्यात मी माळावर गेलो तर भर दुपारी, लख्ख उन्हात, ओसरीत ट्रॅक्टरचा दिवा जळत होता आणि मल्लिनाथ त्याच्याशेजारी बसला होता.