उजव्या पायाचा ब्रेक

प्रकाश भाऊजी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. लग्न होऊन मी अंबरनाथला बुवापाड्यात आले, तेव्हा घरातल्या बायका माझा रंग, केस, उंची बघत होत्या. हे माझे धाकटे दीर दाराशी उभे होते. मी आत पाऊल टाकलं तसे म्हणाले, "वहिनी डावा पाय बाहेर टाकतात. शिलाई मशीन चालवत असतील तर कंबर दुखत असणार." सगळे हसले. मला मान वर करवेना. पण कंबर माझी खरंच दुखायची.

पुढे उल्हासनगरहून जीन्सचे कापलेले तुकडे माझ्याकडे शिवायला येऊ लागले. एक दिवस भाऊजी माझ्या मशीनखाली आडवे झाले आणि पायट्यावर डावीकडे लाकडाची तिरकी पट्टी ठोकून उठले. म्हणाले, "आता पाय ठेवा. शोधू नका, नुसता ठेवा." मी ठेवला, तर तो आपोआप जागेवर बसला. मला बोलायचा संकोच, म्हणून आभार मानायचे राहून गेले. ते वाट बघत थांबलेही नाहीत.

ते फिटर होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी बदलापूरला खरवईत पत्र्याची शेड घेतली आणि डोंगरात, चिखलात चालवायच्या उंच गाड्यांचं काम सुरू केलं. डर्ट बाईक म्हणतात त्यांना. या गाडीवर माणूस बसतो कमी, फूटरेस्टवर उभा राहतो जास्त. त्यामुळे सगळं पायांवर. डाव्या पायाने गिअर, उजव्या पायाने मागचा ब्रेक. भाऊजींच्या हाताखालून गेलेली गाडी थकवत नाही, अशी ख्याती झाली होती. रविवारी सकाळी कुठून कुठून लोक यायचे.

त्यांची एक पद्धत होती. चप्पल घालून आलेल्याची गाडी ते घ्यायचेच नाहीत. "घरी जा, बूट घालून ये. चपलेला काय सेट करू?" बूट जाड तळाचे असतात, म्हणून गिअरचा लिव्हर एक दात वर चढवून बसवावा लागतो. मग ते माणसाला गाडीवर उभं करायचे, गुडघे जरा वाकवून, आणि सांगायचे, डोळे मीट. डोळे मिटलेल्या माणसाने ब्रेक म्हटल्यावर ब्रेक दाबायचा. बूट जरा जरी चाचपडला, की खाली उतर. पुन्हा पाना. ब्रेकचं पेडल वर राहिलं तर उभं राहिल्यावर बूट त्यावर टेकतो आणि ब्रेक घासत राहतो. खाली राहिलं तर घोटा ताणावा लागतो.

या गाड्यांना मधला स्टँड नसतो. म्हणून एका बाजूने खांबाला दोरी आणि दुसऱ्या बाजूने हँडल धरायला मी. डबा घेऊन जायची, ती अडकायची. लोकांना ते सांगत, "आमच्या वहिनी हलत नाहीत आणि बोलत नाहीत. असा माणूस शोधून मिळत नाही." मी खाली बघून हँडल धरायची, त्यामुळे मला गिऱ्हाइकं बुटांवरून ओळखू यायची.

उल्हासनगरचे मनोहर शेठ त्यातलेच. कापडाचे व्यापारी, अंगाने भारी, या वयात डोंगर चढायची हौस. पहिल्यांदा आले तेव्हा स्वतःवरच चिडलेले. म्हणाले, "उस्ताद, मेरा घुटना ही खराब है. पैर बेकार है." भाऊजींनी त्यांचे फूटरेस्ट काढून खाली आणि मागे सरकवून लावले. शेठ उभे राहिले, डोळे मिटले आणि लहान मुलासारखे हसले. तेव्हा भाऊजी म्हणाले ते त्यांचं नेहमीचं, "पाय चुकत नाही, शेठ. पायाखालचं चुकतं."

हे ते सगळ्यांना सांगायचे. ज्याला आयुष्यभर बेंगरूळ म्हटलेलं असतं, अशा माणसाला ते ऐकून बरं वाटायचं. मलाही वाटायचं. आता मला ते आठवलं तरी नको वाटतं.

कारण मग त्यांना स्वतःच्या गाडीचा ब्रेक पटेना. पेडल खाली गेलंय म्हणाले, वर घेतलं. त्या रविवारी डोंगरावरून आले तर मागची डिस्क तापून जळका वास येत होता. बूट सगळा वेळ ब्रेकवर टेकलेला होता आणि त्यांना कळलं नव्हतं. मग पेडल खाली घेतलं. तर सापडेना. मग त्यावर रुंद पत्रा वेल्डिंग करून घेतला. फूटरेस्टचे दाते कानशीने घासून धारदार केले, पायाला पकड लागत नाही म्हणून. दर आठवड्याला पाना घेऊन त्याच एका जागी बसलेले. मी हँडल धरून उभी. डोळे मिटून ते उजवा पाय हलवायचे आणि तो बूट हवेतच दाबला जायचा. त्यांचा चेहरा असा, की दाबलाय.

मे महिन्यात ते बदलापूर गावातून चालत शेडवर आले. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. मी म्हटलं, "भाऊजी, चप्पल?" त्यांनी खाली बघितलं आणि हसले. "च्यायला, कुठे राहिली?" तळव्याला डांबर चिकटलं होतं आणि मोठे फोड आले होते. ते त्या पायावर नीट उभे होते.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. इतकं सलग मी ह्यांच्याशीही कधी बोलले नसेन. दोघा भावांची वादावादी झाली, पण दवाखान्यात गेले. साखर निघाली, फार जुनी. डॉक्टरांनी समजावलं की पायांची जाणीव गेली आहे, रोज पाय धुऊन निरखायचे, आणि गाडी आता नको. भाऊजींनी बाकीचं काही ऐकलं नाही, शेवटचं तेवढं मनाला लागलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "पायाला काय झालंय? पेडलची लाईन चुकली आहे, एवढंच. बसवतो मी." गोळ्या थोडे दिवस घेतल्या. मी बादलीत पाणी काढून ठेवायची, पाय बघा म्हणायची. सगळ्या गावाचे पाय बघणारा माणूस, आपले बघायला तयार नव्हता.

पावसाळा सरता सरता ते गाडी काढून डोंगरावर जाऊन आले, खूश होते. म्हणाले, आज ब्रेक सापडला. शेडमध्ये बसून उजवा बूट काढला, तर आतून एक नट पडला. खरखरीत, बोटाच्या पेराएवढा. सकाळपासून तो आतच होता. मोजा रक्ताने आणि पाण्याने भिजला होता. मनोहर शेठ समोरच होते. भाऊजींनी नट उचलून उजेडात धरला. "हाच कालपासून शोधत होतो," म्हणाले. हसावं म्हणून म्हणाले असतील. कोणी हसलं नाही.

जखम भरली नाही, काळी पडत गेली. आधी डॉक्टरांनी दोन बोटं काढायला सांगितली. भाऊजी म्हणाले, बोटांशिवाय पेडल कसं दाबणार, आणि घरी निघून आले. परत न्यावं लागलं तेव्हा गोष्ट गुडघ्याखालपर्यंत पोचली होती. पाय काढला तर जीव वाचेल, उशीर केला तर सांगता येत नाही, असं डॉक्टर आमच्यासमोर स्पष्ट बोलले. ह्यांनी भावाच्या पुढे हात जोडले. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडलेले.

शेठ रोज येत. एकदा खाटेवर बसून म्हणाले, "उस्ताद, वो पैर का पंजा कटा हुआ आदमी आया था, उसका पीछे का ब्रेक तूने हँडल पे लगाया था ना? हाथ से मारता है आज भी. तेरा भी वैसा लगाएंगे."

"वो कस्टमर था, शेठ."

"तो?"

"मैं खडा किस पे रहूँगा?"

शेठ उठून बाहेर गेले. व्हरांड्यात मला बघून त्यांनी रुमाल तोंडावर धरला. भाऊजींनी सही केली ती ताप चढून शुद्ध जाऊ येऊ लागल्यावर. पाय गेला. जखमेचं विष तोवर वर चढलं होतं, हे आम्हाला नंतर सांगितलं.

मग एका दुपारी खाटेजवळ मी एकटीच होते. त्यांनी डोळे उघडले. तोंडावर असा आनंद होता, की मला वाटलं उतार पडला.

"वहिनी, अंगठा दुखतोय."

मी डावीकडे हात नेला.

"तो नाही. उजवा. मस्त ठणकतोय. बघा, जाणीव आली. डॉक्टरांना बोलवा, सांगा आता कापायची गरज नाही."

चादर उजव्या बाजूला सपाट होती. मी डॉक्टरांना बोलवायला उठले नाही. काय सांगणार होते मी?

"जरा दाबता का," ते म्हणाले. दिराने वहिनीच्या पाया पडायचं असतं, वहिनीने दिराचे पाय दाबायचे नसतात. त्यांनी एवढ्या वर्षांत माझ्याकडून पाण्याचा पेलाही हातात मागितला नव्हता, स्वतः उठून घ्यायचे. मी खाटेच्या पायथ्याशी बसले. जिथे पाऊल असतं तिथली गादी दोन्ही हातांनी दाबू लागले.

"अजून खाली. हां, तिथेच."

त्यांनी डोळे मिटले. श्वास हळूहळू लांब होत गेला. मी दाबत होते. नर्स येऊन माझ्या हातांकडे बघत उभी राहिली, मग तिने त्यांच्या मनगटाला हात लावला आणि मला म्हणाली, ताई, आता राहू द्या.