कुंपणातला काजू

काजूच्या पिकलेल्या बोंडूंचा आंबूस वास आला की मला आई आठवते. कातळाच्या सड्यावरची आमची काजूची बाग काकांनी परस्पर विकली आणि तिथे पायवाटा आखलेलं उद्यान झालं. एकदा आईला तिथे फिरायला घेऊन गेले. तिने लावलेला काजू आता कुत्र्यांना मोकळं सोडायच्या कुंपणात होता आणि खाली पडलेले बोंडू कुत्री तोंडात धरून पळत होती. आईने आत जाऊन एक उचलला, तोच रखवालदाराने शिट्टी वाजवली. "आजी, इथलं काय उचलायचं नाय हां!" "अरे, हे झाड मी लावलंय." "सगळे असंच सांगतात," तो हसला. आईने बोंडू गवतावर अलगद ठेवला आणि ती कुंपणाबाहेर आली. आता आई नाही. मी मात्र रोज तिथेच फिरते, कारण जवळपास चालायला दुसरी मोकळी जागाच उरलेली नाही.