बुरुजावरच्या वाकळा

"सहलीला वाकळा कशाला लागतेत? मुक्काम हाय का तिथं?"

"मुक्काम न्हाई म्हणूनच घाई करायले. ते गठुडं द्या वर."

"रत्नम्मा, आपण नांदेडचा किल्ला बघायला चाललोय!"

"बघा की. तुमी किल्ला बघा, आमी गोदावरी बघतो."

बायकोपुढं गुरुपादप्पांचं बोलणं नेहमी इथंच संपायचं. त्यांनी गठुडं मेटॅडोरच्या टपावर दिलं. घट बसायला आले होते आणि गल्लीचा दसरा काढायचा, म्हणजे घरातलं सगळं धुऊन काढायचं, राहिलं होतं. दुष्काळानं आडाचा तळ उघडा पडलेला. प्यायलाच पाणी नाही, तिथं वाकळा कोण धुणार? सहलीची गाडी नदीकाठी जाणार हे कळताच बायांनी घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं बांधलं.

गुरुपादप्पांचं जळकोटात किराणा दुकान. नाद एकच, लोकांना इतिहास सांगायचा. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हापासून तर त्यांच्या अंगातच आलं होतं. "आता आपण जिल्ह्याची माणसं! जिल्ह्याच्या माणसाला इतिहास पायजे." साखर तोलता तोलता ते तटबंदी सांगायला घेत आणि गिऱ्हाईक पुडा उचलून चालू लागे. आयुष्यात एकदा तरी कुणी शेवटपर्यंत ऐकावं, एवढ्यासाठी ही सहल होती.

नांदेडात घाटावर धपाधप सुरू झालं. गुरुपादप्पा पायरीवर उभे राहून ओरडले, "हितं पूर्वी..."

"अप्पा, सरका. शिंतोडे उडतेत," शेजारच्या केवळाबाई म्हणाल्या.

वाकळा धुऊन झाल्या, पण वाळवायच्या कुठं? केवळाबाईंनी मान वर करून किल्ल्याकडं पाहिलं. "अगं बया, केवढी भिंत!"

बघता बघता सगळी सहल किल्ल्यात शिरली. तटावर, बुरुजावर निळ्या-तांबड्या वाकळा लोंबल्या. त्या सुकेपर्यंत बायांना हलता येणार नव्हतं. गुरुपादप्पांना घाम फुटला, पण आनंदानं. समोर माणसं, तीही बसलेली! त्यांनी टोपी नीट केली, खाकरले आणि सुरू झाले. राजे आले, गेले. तोफा उडाल्या. रत्नम्मा घोरू लागली, बाकीच्या पेंगल्या. केवळाबाई मात्र गालाला हात लावून एकटक ऐकत होत्या. गुरुपादप्पा मग फक्त त्यांच्यासाठी लढाया लढले.

"तर असा हा किल्ला. इचारा काही."

"लई चांगला हाय, अप्पा. ऊन मस्त लागतंय."

"इतिहासाचं इचारा!"

"इचारते की. पुढच्या साली तुमी औशाच्या किल्ल्याला न्हेणार म्हणं?"

"हाव! जरूर!" गुरुपादप्पा दोन पावलं पुढं सरकले.

"मग तिथं नदी हाय का?"

गुरुपादप्पांनी बुरुजावरची स्वतःची वाकळ ओढली, सुकली का ते चाचपून पाहिलं, खांद्यावर टाकली आणि दरवाज्याबाहेर चालते झाले.