ठकूताईंची सात फुटी काठी

हॉस्पिटलच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरींना इस्त्री करून ठकूताई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचा उजवा खांदा त्यांच्याआधीच निवृत्त झाला होता. घरी बसून भिंतींशी किती बोलणार? म्हणून थोरला भाऊ त्यांना दर रविवारी ओढ्यावर मासे धरायला न्यायला लागला.

दादाची तऱ्हा वेगळी. गळाला गांडूळ नाही, तर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. लवचिक काठीनं जाडसर दोरी मागे-पुढे झुलवायची आणि ती माशी अलगद पाण्यावर टेकवायची.

"माशी दाखवून मासा पटवायचा," दादा म्हणायचा.

पण त्याची जुनी काठी ठकूताईंना झेपेना. दहादा फेकली की खांदा बोंब मारायचा. तिसऱ्या रविवारी त्यांनी हात टेकले. "दादा, हे आपलं काम नव्हे."

"काम तुझंच आहे गं, काठी तुझी नाही," म्हणत दादानं त्यांना मासेमारीच्या सामानाच्या दुकानात नेलं.

ठकूताईंनी थेट सगळ्यात महागड्या काळ्या काठीला हात घातला. दुकानदारीण बाई म्हणाल्या, "थांबा. पाणी किती रुंद? मासा केवढा?"

"पाणी ह्या दुकानाएवढं. मासा वीतभर. तोही दादाच्या सांगण्यावरून."

बाईंनी त्यांना मागच्या अंगणात नेऊन दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधला. काळी काठी फार ताठ निघाली. दोरी गोळा होऊन पायाशीच पडली. मग बाईंनी एक पोपटी, सात फुटी काठी दिली. ती पार अर्ध्यापर्यंत वाकत होती.

"जोर लावू नका. मागे नेली की थांबा. दोरी सरळ झाली की मग पुढे."

ठकूताई थांबल्या. काठी हलकेच मागे ओढली गेली. दोघींनी ओली चादर झटकताना समोरची ओढते, अगदी तशी. त्यांनी मनगट पुढे केलं. दोरी उलगडत गेली आणि लोकर थेट अंगणाच्या टोकाच्या कुंडीत जाऊन बसली.

"अगंबाई!"

"खांदा काय म्हणतो?" दादानं विचारलं.

"त्याला पत्ताच लागला नाही!"

पुढच्या रविवारी एकच मासा लागला, बोटाएवढा. ठकूताईंनी हात ओला करून त्याला सोडवलं आणि पाण्यात धरलं. शेपटीचा फटका मारून तो पसार झाला. निघायची वेळ झाली. दादानं काठावरून दोनदा हाक मारली.

"आलेच," त्या म्हणाल्या, आणि ओढ्याच्या वळणाकडे आणखी चार पावलं पुढे गेल्या.