विडा ठेवून संपवलेलं भाषण

मी दुसरीपर्यंत शिकलो. पण भाषण कसं संपवावं ते मला विचारा, असं मी आजही म्हणतो.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झालेली. शहाडच्या पलीकडे नदीकाठी आमचं गाव. पावसात वाटेतला ओढा भरला की गाव तुटायचं. त्या साली बायकोचे दिवस आषाढात भरणार होते आणि सुईण ओढ्यापलीकडे. ओढ्यावर लाकडी साकव हवा होता, तोही पावसाच्या आत. वैशाखात तालुक्याचे साहेब गावात येणार असं कळलं. गावकीनं बोलायला मला पुढे केलं, कारण मी कोणाला घाबरत नाही.

बोलायची भीती नव्हतीच. थांबायचं कसं, ते कळेना. म्हणून कल्याणात, डोंबिवलीत, ठाण्यात, जिथे सभा असेल तिथे मी गेलेलो, फक्त शेवट ऐकायला. एक गंमत दिसली. वक्ता "शेवटी एवढंच सांगतो" म्हणाला की लोक पायानं चपला चाचपायला लागतात. मग तो पाव तास बोलतो, ते कोणाच्या कानात जात नाही. डोंबिवलीत एका मास्तरांनी संस्कृतात काहीतरी म्हणून संपवलं. टाळ्या पडल्या. शेजारच्याला विचारलं, "काय म्हणाले?"

"काय की. संपलं ना पण."

घरी बायको म्हणाली, "गावकीत बोलता तेव्हा कसं संपवता?"

गावकीतली रीत सोपी. मागणं मांडायचं, पंचांपुढे विडा ठेवायचा, गप्प उभं राहायचं. पंचांनी विडा खाल्ला की मागणं मान्य. मग कोणी बोलायचं नाही, बैठक उठते.

"तसंच करा की."

"अगं, साहेबाला आपली रीत कुठे ठाऊक?"

"मग तर बरंच."

साहेब आले. मी ओढा सांगितला, सुईण सांगितली, आणि टेबलावर विडा ठेवून गप्प उभा राहिलो. साहेबांनी विड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विडा तोंडात टाकला. सगळं गाव उठून चालायला लागलं.

"अहो, बसा, सभा राहिलीय," साहेबांसोबतचा कारकून म्हणाला.

"झाली," आमचे म्हातारे पंच म्हणाले. "साहेबांनी विडा खाल्ला. आता साकव द्यायला लागंल."

कारकुनानं रीत विचारून घेतली आणि वाकून साहेबांच्या कानात सांगितली. साहेब चावत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

ज्येष्ठात सागाचे वासे आले, साकव उभा राहिला. आषाढात सुईण त्यावरून चालत आली. मुलगी झाली.

साहेबाला कसं गुंतवलं म्हणून गाव मला मानतं, आणि मीही ते भरपूर मिरवलं. पण मी टेबलाच्या अगदी जवळ उभा होतो. विडा खाण्याआधी साहेबांनी तो उलगडला, बोटानं जास्तीचा चुना पुसला, पुन्हा होता तसाच मुडपून लवंग टोचली आणि क्षणभर हातात धरून पंचांकडे पाहिलं. आमचे पंच विडा घेताना तसंच करतात. साहेब मूळचे कुठल्या गावचे, ते विचारायचं मात्र राहूनच गेलं.