पाऊण तासावरची लेक

ट्रॅव्हल एजन्सीतल्या तिकीटवाल्या ताईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. दूरच्या एका मोठ्या शहराचं तिकीट मागायला कुणी आलं, की मान वर न करता म्हणायच्या, "बसने अख्खी रात्र, विमानाने पाऊण तास. बघा बुवा, तुम्हीच ठरवा." गिऱ्हाईक हमखास विमानाला भुलायचं. हा पाऊण तास नुसता हवेतला; विमानतळ गाठणं, रांगा, ताटकळणं, उतरल्यावरची टॅक्सी त्यात कुणी धरत नसे. धंद्याची रीतच तशी.

त्याच शहरात ताईंची आई धाकट्या भावाकडे राहत होती. आईने फोनवर कधी येतेस विचारलं, की ताई म्हणायच्या, अगं, पाऊण तासावर तर आहे, कधीही येईन. असं करता करता तीन वर्षं सरली. लोकांना सांगून सांगून बाईंनी स्वतःचीही समजूत घालून घेतली होती, दुसरं काय!

मग आईच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं, तेही जोखमीचं. सकाळी अकराला आत नेणार होते. भाऊ म्हणाला, रात्रीच्या बसने निघ, ताई. ताईंनी त्याला उडवून लावलं. आठचं विमान होतं, दहाच्या आत आईजवळ पोचणार होत्या. आईने तर डॉक्टरांना बजावलंच होतं की लेकीचं तोंड पाहिल्याशिवाय मी आत यायची नाही.

आठ वाजले तरी विमानाचा पत्ता नाही. ते यायचं होतं तिसऱ्याच गावाहून, आणि तिथे दाट धुकं. ताई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. चहा घेतला आणि तसाच ठेवून दिला. काउंटरवरच्या मुलीला विचारून विचारून भंडावून सोडलं. ती मान वर न करता म्हणत राहिली, होईलच थोड्या वेळात. हा सूर आपलाच आहे, हे ताईंना कळलं. दहाला भावाचा फोन आला. अकराला पुन्हा आला, तो त्यांनी उचललाच नाही. सांगणार काय, कपाळ!

विमान सुटलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हवेत खरोखर पाऊणच तास लागला. पुढे टॅक्सी रखडत रखडत शहरात शिरली. दवाखान्याच्या दारात भाऊ उभा होता. तो चिडला नाही, त्यानेच ताईंचा जीव जास्त घाबरा झाला. आईने सगळ्यांना बराच वेळ थोपवून धरलं होतं म्हणे. येईल त्या नर्सला सांगत होती, थांबा जरा, माझी लेक पाऊण तासावर आहे. शेवटी डॉक्टर थांबेनात. दाराकडे बघत बघतच ती आत गेली.

ताई बाकावर बसून ढसाढसा रडल्या. मग येरझाऱ्या घालू लागल्या, त्या थेट ऑपरेशन संपून आत बोलावणं येईपर्यंत.

आईने डोळे किलकिले केले. ओळखलं.

"आलीस? झाला का पाऊण तास?"

खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. ताईंनी तिचा गार हात घट्ट धरला.

"हो आई," त्या म्हणाल्या, "आत्ताच झाला."